वाचकांचे प्रश्न : जर्मन येते, मग यिडिश किती लांब?

प्रश्न : जर्मनच्या ए-टू पातळीची परीक्षा दिली आहे. यिडिश आपोआप समजेल का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : ऐकून थोडीफार समजेल, वाचताना मात्र पहिल्याच ओळीला अडाल. यिडिश ही युरोपातल्या ज्यूंची भाषा. ती जर्मन कुळातली असली तरी लिहितात हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. अक्षरांची धास्ती नको. रोज चार-पाच गिरवली तर आठवडाभरात बसतात. गोंधळ होतो तो दालेद आणि रेशमध्ये (दालेदचा कोपरा टोकदार, रेशचा गोल), तसाच शब्दाच्या शेवटी येणारा चौकोनी मेम आणि खाली गोलावणारा सामेख यांच्यात.

जर्मनकडून आलेल्या शब्दांत स्वर लिहिलेले असतात, त्यामुळे दिसेल तसे वाचत जावे. खरी पंचाईत हिब्रू-अरामी शब्दांची. त्यांचे मूळ लेखन तसेच ठेवतात, तेही स्वरांशिवाय. 'खावेर' म्हणजे मित्र. कागदावर मात्र तीनच अक्षरे, ख-व-र. सातारा-सांगलीकडे मोडी वाचणारे बरेच आहेत. त्यांना ऱ्हस्व-दीर्घ संदर्भाने ठरवायची सवय असते, पण इथे स्वरच गायब! असे शब्द पाठच करावे लागतात. एक खूण लक्षात ठेवा : खेस, तोव किंवा सोव हे अक्षर दिसले की शब्द हिब्रूकडचा. अक्षरे जुळवत बसू नका, सरळ कोश उघडा.

व्याकरणात जर्मनची सवयच नडते. 'की तो आज येतो' अशा पोटवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी ढकलते : 'दास एर हॉइटं कोम्ट'. यिडिशमध्ये ते दुसऱ्याच जागी राहते : 'अझ एर कुमट हाइन्ट'. आपल्या मराठीतही क्रियापद शेवटी, त्यामुळे ही चूक दुहेरी सवयीने होते. साधा भूतकाळ मात्र विसरून जा. 'होबन' किंवा 'झाइन' हे साहाय्यक क्रियापद लावूनच भूतकाळ होतो.

प्रश्न : कोकणातले बेने इस्राएल यिडिश बोलत का? – एक वाचक, वाई

उत्तर : नाही. कोकणातल्या या ज्यू समाजाची मातृभाषा मराठी. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हग्गादात (वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीत) हिब्रूसोबत मराठी आहे. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची.

प्रश्न : आज ती बोलते कोण? आणि कोणती शिकावी? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिडिश बोलणारे एक कोटीच्या वर होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुतेक यिडिशभाषक होते. आज घरात, शाळेत, दुकानात ती चालते ती मुख्यतः हसीदी (कर्मठ ज्यू पंथाच्या) वस्त्यांत : न्यूयॉर्कमधले विल्यम्सबर्ग आणि बरो पार्क, लंडनचे स्टॅमफर्ड हिल, अँटवर्प, जेरुसलेमचे मेआ शेआरिम.

पुस्तकी यिडिश वेगळी. 'यिवो' ही यिडिशच्या अभ्यासाची संस्था १९२५ मध्ये विल्नात (आजचे विल्नियस, लिथुआनिया) सुरू झाली, १९४० मध्ये न्यूयॉर्कला गेली. प्रमाण लेखनाचे नियम तिचेच. त्या उच्चारात 'गुट' (चांगला), 'टोग' (दिवस); बहुतेक हसीदी बोलीत 'गिट', 'टुग'. या शब्दांची अक्षरे दोन्हीकडे तीच. ड्युओलिंगोवर २०२१ पासून अभ्यासक्रम आहे, त्यातला आवाज हसीदी धाटणीचा. म्हणून तो आणि यिवो पद्धतीचे पुस्तक एकदम सुरू केले की कान आणि डोळा यांचे भांडण लागते. साहित्य वाचायचे असेल तर आधी यिवोच धरा, असे आमचे मत. अमेरिकेत ॲमहर्स्टच्या यिडिश बुक सेंटरने हजारो जुनी पुस्तके फुकट वाचायला ठेवली आहेत. मात्र जुन्या छपाईत जर्मनच्या नकलेने घुसवलेली मूक अक्षरे भेटतात. ती सोडून वाचा.

प्रश्न : कोशात टंकलेला शब्द सापडतच नाही, असे का? – एक वाचक, कराड

उत्तर : 'ओ'चा अलेफ (अलेफ हे हिब्रू वर्णमालेचे पहिले अक्षर) संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा अलेफ आणि त्याखालची खूण सुटी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. काही शोधयंत्रांना मात्र वेगळे. 'वाव' या अक्षराचे जोड-वाव आणि दोन सुटे वाव यांचेही तेच. हिब्रूऐवजी यिडिश कळफलक घ्या. तरीही सापडेना, तर खुणा काढून नुसत्या अक्षरांनी शोधा.