वाचकांचे प्रश्न : कन्सोल, मोबाइल आणि पीसी गेमिंगचे भवितव्य

प्रश्न : कॉलेजात असताना मी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत असे, पुढे नोकरी लागल्यावर स्वतःचा पीसी जुळवून घेतला. आता मोठे गेम आधी कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या खास गेमयंत्रावर) येतात आणि आमच्या वाट्याला उशिरा. नवे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा पीसीचा भाग) घ्यायचे आहे, पण पीसी गेमिंगला भविष्य उरले आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, पण तिच्यातून आपण काढत असलेला निष्कर्ष मला पटत नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ सप्टेंबर २०१३मध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडले; २०१०च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’ने तर पीसीचे तोंड २०२४मध्ये पाहिले. कन्सोलचे हार्डवेअर एकसारखे असल्याने तेथे चाचणी सोपी जाते, पीसीवर मात्र कार्ड, प्रोसेसर आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) यांच्या असंख्य जोड्या सांभाळाव्या लागतात, हे उशिराचे एक कारण आहे. तोच गेम त्याच ग्राहकाला दोनदा विकता येतो हे दुसरे कारण कंपन्या बोलून दाखवत नाहीत, इतकेच.

उशिरापेक्षा खोल परिणाम गेमच्या घडणीवर झाला. २००५चा एक्सबॉक्स ३६० आणि २००६चा प्लेस्टेशन ३ या दोघांकडेही एकूण मेमरी ५१२ एमबीच होती, त्यामुळे २०१२च्या सुमारास ज्यांच्या पीसीत आठ जीबी रॅम होती त्यांनाही त्या ५१२ एमबीच्या चौकटीत बसवलेलेच गेम खेळावे लागत. ‘स्कायरिम’मधील सामानाची यादी आठवून पाहा : सोफ्यावरून टीव्हीकडे पाहणाऱ्यासाठी अक्षरे मोठी, एका वेळी दिसणाऱ्या वस्तू मोजक्या, आणि हातातला माउस जवळपास निरुपयोगी. ‘डार्क सोल्स’ २०१२मध्ये पीसीवर आला तेव्हा पडदा कितीही मोठा असला तरी चित्र आतून १०२४ बाय ७२० पिक्सेल एवढ्यावरच तयार होत होते. या दोन्ही गेमांची डागडुजी कंपन्यांनी नव्हे, तर हौशी खेळाडूंनी स्वतःच्या मॉडने, म्हणजे गेमच्या फाइलींत केलेल्या फेरफाराने केली.

२०१३मध्ये मात्र वारे फिरले. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत पीसीच्याच कुळातले एएमडीचे प्रोसेसर आले, आणि एका यंत्रासाठी लिहिलेला गेम दुसऱ्यावर आणणे पूर्वीपेक्षा बरेच सोपे झाले. आपले गेम वर्षानुवर्षे स्वतःपुरते राखून ठेवणाऱ्या सोनीने २०२०मध्ये ‘होरायझन झीरो डॉन’ आणि २०२२मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’ पीसीवर आणला. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ही ऑगस्ट २०२०मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसीवर. म्हणजे रांगेत पीसीचा क्रमांक दुसरा असेल, पण रांगेतून त्याला कोणी काढलेले नाही.

कार्ड अवश्य घ्या, मात्र सर्वांत महागडे नको. सध्याचे मोठे गेम २०२०च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलांना प्रमाण मानून बनतात, आणि त्या दोघांत प्रोसेसर व ग्राफिक्स मिळून वापरतात अशी सोळा जीबी सामायिक मेमरी आहे. त्यामुळे कार्डाच्या वेगात थोडी तडजोड केली तरी चालेल, पण त्यावरची मेमरी बारा जीबीपेक्षा कमी नसावी.

प्रश्न : आमच्या सासूबाई रोज दुपारी ‘कँडी क्रश’ खेळतात. अशा सोप्या गेमांमुळेच पीसीवरचे खरे गेम मागे पडले, असे माझा मुलगा म्हणतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंवर हा आरोप अन्यायाचा आहे. सोपा गेम मुळात संगणकावरच रुजला. १९९०च्या विंडोज ३.०मधील सॉलिटेअर कित्येक कचेऱ्यांत साहेबांची पाठ वळताच उघडला जाई. तो खेळाडू पुढे फोनकडे गेला, पण ग्राफिक्स कार्डाचा ग्राहक तो कधी नव्हताच.

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे ते पैशांच्या बाबतीत. ‘कँडी क्रश’ बनवणारी किंग ही कंपनी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने २०१६मध्ये ५.९ अब्ज डॉलरला घेतली. गेम फुकट देऊन आतल्या दुकानातून कमाई करण्याची ही रीत पुढे पूर्ण किमतीच्या गेमांतही शिरली आणि २०१७मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’वरून एवढा गदारोळ झाला, की विक्रीच्या तोंडावर तो गेम विकणाऱ्या ईए कंपनीला ही आतली खरेदी तात्पुरती बंद ठेवावी लागली.

मुलाला एक उलटा प्रवासही सांगा. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा ‘हाफ-लाइफ’चा हौशी मॉड होता, ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’साठी हौशी खेळाडूंनी बनवलेला नकाशा होता, आणि फोनवर घरोघर पोहोचलेल्या ‘पबजी’ची मुळे ‘आर्मा’ या पीसीवरच्या युद्धाच्या गेमच्या मॉडमध्ये आहेत. कन्सोलवर किंवा फोनच्या अधिकृत अ‍ॅप दुकानात गेम पोहोचवायचा तर मालक कंपनीची परवानगी लागते. पीसीवर कोणीही गेमच्या फाइली उघडून त्यात फेरफार करू शकतो, म्हणून नवा प्रकार बहुधा तेथेच जन्मतो. सासूबाईंना खेळू द्या; फक्त फोनवरच्या खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.