एवढ्याशा नाडीसाठी जॅकेट परत का मागवतात?

तुम्ही लिहिलंय, न्यू जर्सीत घेतलेलं चार वर्षांच्या मुलीचं टोपीचं जॅकेट कंपनीने परत मागवलंय, आणि कारण काय, तर गळ्यातली नाडी. ती ओढून काढली तर जॅकेट वापरता येईल का?

येईल. आधी नाडी काढा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

मी मुंबईत एका निर्यात कंपनीत बरीच वर्षं मुलांचे कपडे तपासायचे. अमेरिकेच्या मालासाठी नियम असा: साधारण दोन ते बारा वर्षांच्या मापाच्या जॅकेटला किंवा हुडीला गळ्याशी, टोपीत नाडी अजिबात नको. कमरेची चालते, पण कपडा पूर्ण ताणल्यावर टोक ३ इंचांपेक्षा जास्त बाहेर नको, टोकाला गाठ किंवा टॉगल (नाडीच्या टोकाला ओवलेला कडक तुकडा) नको, आणि सलग नाडी असेल तर मध्यभागी पक्की शिवलेली हवी. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांना गळ्याशी नाडी चालत नाही.

बरीच वर्षं हे माझ्यासाठी तक्त्यातलं एक माप होतं. मग सोसायटीच्या बागेत माझ्या भाच्याच्या टोपीची नाडी घसरगुंडीच्या वर अडकलेली पाहिली. कठडा आणि पत्रा जिथे जुळतात तिथे बोटाएवढी फट असते. टॉगल त्यात शिरलं आणि आडवं झालं. त्याचे पाय अजून वरच्या पायरीवर होते म्हणून तो वाचला. एक क्षण उशीर झाला असता तर सगळं वजन गळ्यावर आलं असतं. गळा आवळला की मुलाला ओरडताही येत नाही, त्यामुळे बाकावर बसलेल्या आईला काही कळतच नाही. ‘कापडाची नाडी आहे, तुटेल की’ असं लोक म्हणतात. नाही तुटत. ती तुटू नये म्हणूनच तशी विणलेली असते.

कमरेच्या नाडीचा धोका वेगळा. ती स्कूलबसच्या दारात अडकते आणि बस सुटते.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०११ साली अशा नाड्यांना सरळ धोकादायक दोष ठरवलं, तेव्हा त्यांच्याकडे २६ मुलांच्या मृत्यूंची नोंद होती. त्याआधी १९९७ पासून कंपन्यांसाठी ऐच्छिक मानक होतं. तेवढ्यानेसुद्धा गळ्याच्या नाडीचे मृत्यू तीन चतुर्थांशांनी घटले होते आणि कमरेच्या नाडीचे थांबले होते. म्हणून ‘एवढीशी नाडी’ हे मला पटत नाही. एक दोरी कमी केल्याने इतकी मुलं वाचतात, असं दुसरं उदाहरण मी या धंद्यात पाहिलेलं नाही.

आता जॅकेट परत मागवणाऱ्या कंपनीच्या मेलबद्दल. पैसे परत मिळणार असतील तर जरूर घ्या. मात्र ते जॅकेट नाडीसकट कुणाला विकू नका. २००८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत परत मागवलेली वस्तू विकणं बेकायदा आहे. आणि लहान झालेले कपडे आपण बॅगेत भरून इकडे भाचवंडांसाठी आणतो ना, त्यातही ते तसंच टाकू नका. इकडच्या दुकानांत नाडीच्या हुडी सर्रास टांगलेल्या दिसतात, त्यामुळे घरात कुणाला त्यात वावगं वाटणार नाही.

मुलीचं कपाट एकदा उघडून बाकीच्या कपड्यांच्या टोप्याही बघा. नाडी काढताना अर्धी कापून ठेवू नका, पूर्ण ओढून घ्या. टोपी सैल झाली तर आतून थोडं इलास्टिक घाला किंवा गळ्याशी टिचबटण लावून घ्या.