क्लाससाठी ४८,००० चं शीट म्युझिक ईएमआयवर घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सांगलीत गावभागात तळमजल्यावर तुमचा क्लास, १८ मुलं, त्यातली ११ कीबोर्डला, ५ व्हायोलिनला आणि बँडवाल्यांच्या घरातली २ पोरं क्लॅरिनेटला. फी ८०० रुपये महिना, भाडं ५,०००, बँकेत ७०,०००. एकजण पाच वाद्यांचं, परीक्षेच्या ग्रेड (पायऱ्या) १ ते ८ चं सगळं शीट म्युझिक, म्हणजे छापील स्वरलिपीची पुस्तकं, ४८,००० ला देतोय, नो कॉस्ट ईएमआय, ४,००० चे १२ हप्ते, आणि तुम्ही २,००० टोकन देऊन बसलाय.

माझं उत्तर नको असंच आहे.

पहिलं म्हणजे हे शीट म्युझिक एकाचं दुसऱ्याला चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, पण पैशाच्या नजरेनं बघा. पियानोच्या शीटमध्ये दोन्ही हातांच्या दोन ओळी, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला बहुतेक वरची धून आणि कॉर्डची नावं, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत तर दोघांचा सिलॅबसच वेगळा. तुमच्याकडे ६१ कीचे कीबोर्ड आहेत, वरच्या ग्रेडच्या पियानो पीसेसना खालच्या-वरच्या पट्ट्या कमी पडणार, पेडल लागणार, म्हणजे ती पुस्तकं कपाटातच. क्लॅरिनेट बी फ्लॅटचं, लिहिलेल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतं, त्यामुळे बासरीची शीट त्या पोरांच्या हातात देऊन कीबोर्डसोबत वाजवायला बसवलं तर जमणारच नाही. आणि सेटमधली बासरी, गिटार शिकणारं तुमच्याकडे आज कोणीच नाही!

तुमची सगळ्यात पुढची मुलगी ग्रेड ३ ला आहे म्हणता. वर्षाला एक ग्रेड धरली तरी ग्रेड ८ ला ५ वर्षं, तोवर परीक्षेचा सिलॅबस बदललेला असणार. आज अडकवलेला पैसा तेव्हा जुन्या पुस्तकात असेल.

आता हप्ता बघू. १८ गुणिले ८०० म्हणजे १४,४००, भाडं जाऊन ९,४००, हप्ता गेला की ५,४००. मे महिन्यात निम्मी पोरं मामाच्या गावाला गेली तर फी ७,२००, भाडं देऊन हातात २,२०० आणि हप्ता ४,०००, मग बचतीला हात लावावा लागणारच. नो कॉस्ट म्हणतात पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा आपल्याच माथी येतो, कार्डवाल्याला आधी विचारा.

मी असतो तर आत्ता १०-१२ हजारच काढले असते. प्रत्येक वाद्याचं, मुलं आहेत ती ग्रेड आणि पुढची एक, एवढी टीचर कॉपी. मुलांचं पुस्तक पालकांनी घ्यायचं, ॲडमिशनच्या वेळीच तसं सांगा, कारण परीक्षेला बेकायदा झेरॉक्स चालत नाही आणि क्लासमध्येही ती वाटू नका. सरावाला बाख, मोझार्ट, बेथोव्हन आहेतच, आपल्याकडे कॉपीराइट संगीतकार गेल्यावर ६० वर्षं असतो, म्हणजे १९४५ ला गेलेला हंगेरीचा संगीतकार बार्टोकसुद्धा आता मोकळा आहे. आयएमएसएलपी या शीट म्युझिकच्या वेबसाइटवर जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात. फक्त नव्या संपादकानं सोपी करून लिहिलेली अरेंजमेंट असेल तर तिचे हक्क वेगळे, ते बघून घ्या.

अजून एक, २०१९ आणि २०२१ ला गावभागात पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही बघितलंय. ४८,००० चा कागद तळमजल्यावर ठेवायला माझं मन होत नाही, जिथं पीडीएफ विकत मिळते तिथं तीच घ्या, किती प्रती छापायची परवानगी आहे तेवढं वाचून.

उरलेले ५८,००० स्वीप एफडीत (खात्यात पैसे कमी पडले की आपोआप लागेल तेवढी मोडणारी एफडी) टाका, मे आणि दिवाळीचं भाडं त्यातून निघेल, कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर गेला तरी कोणाकडे मागावं लागणार नाही.

टोकनचे २,००० वाया जातील म्हणून ४६,००० आणखी घालू नका. त्या माणसाला सांगा, त्या २,००० मध्ये व्हायोलिन ग्रेड १, २ आणि क्लॅरिनेट ग्रेड १ एवढंच द्या. नाही म्हणाला तर सोडून द्या.