स्विचगिअर आणि बिल्डिंग ऑटोमेशनच्या जागतिक बाजारात तीच ती नावं का? छोट्या कंपनीनं शिरायचं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इमारत जगात कुठेही असो, विजेच्या पॅनेलवर (ब्रेकर वगैरे स्विचगिअर बसवलेल्या कपाटावर) आणि बीएमएसच्या (इमारतीतली यंत्रणा चालवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेच्या) स्क्रीनवर श्नायडर, सीमेन्स, एबीबी, ईटन, लेग्रां, हनीवेल, जॉन्सन कंट्रोल्स हीच नावं फिरून फिरून का दिसतात, आणि नव्या छोट्या कंपनीला इथे वाव आहे का. मी पॅनेल जोडण्यापासून सुरुवात केली, आता बीएमएसचं कमिशनिंग करतो, म्हणजे ती तपासून चालू करून देतो. दोन्ही बाजू हाताखालून गेल्यात, म्हणून लिहितो.

माल चांगला आहे म्हणून टिकलेत, हे निम्मं उत्तर. उरलेलं निम्मं असं, की एकदा बसलेली वस्तू काढणं फार जिवावर येतं.

एका जुन्या इमारतीत मेन पॅनेलमधला १६०० अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर, म्हणजे मोठा मुख्य ब्रेकर) गेला. दुसऱ्या कंपनीचा त्याच रेटिंगचा ब्रेकर स्वस्तात आणि लगेच मिळत होता. मालक म्हणाला, "१६०० च्या जागी १६००, अडचण काय?" मी दार उघडून दाखवलं. नव्या ब्रेकरची टर्मिनलं बसबारच्या (वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) बोटभर वर येत होती आणि दाराचा कटआउट अरुंद पडत होता. तांब्याच्या पट्ट्या वाकवून, नवी भोकं पाडून बसवता आलाच असता. पण मग पॅनेल किती तापतं याची मूळ चाचणी त्याला लागू राहिली नसती. आयईसी ६१४३९ हे मानक अख्ख्या पॅनेलची पडताळणी मागतं, सुट्या ब्रेकरच्या प्रमाणपत्रावर भागत नाही. शेवटी जुन्याच कंपनीचं रेट्रोफिट किट (जुन्या जागेत नवा ब्रेकर बसवायचा संच) मागवलं, ती सांगेल त्या किमतीला.

याहून घट्ट गाठ सिलेक्टिव्हिटीची. खालच्या मजल्यावर शॉर्ट झाला तर तिथलाच ब्रेकर पडावा, मेन पडू नये. मोठ्या फॉल्टला कोणत्या ब्रेकरखाली कोणता चालेल याचे तक्ते कंपन्या चाचण्या करून छापतात, पण वरचा आणि खालचा दोन्ही आपलेच धरून. वर एकाचा आणि खाली दुसऱ्याचा लावला, तर त्या जोडीचा तक्ता कोणाकडेच नसतो. कन्सल्टंट कशाला जोखीम घेईल? तो वरपासून खालपर्यंत एकच मेक लिहून मोकळा होतो.

मोठ्यांनाही परक्या बाजारात नुसत्या मालाच्या जोरावर शिरता येत नाही, हे अमेरिकेत दिसतं. तिथे मोल्डेड केस ब्रेकरला (बंद साच्यातल्या ब्रेकरला) यूएल ४८९ या सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि कोणत्या पॅनेलबोर्डात कोणते ब्रेकर चालतील हेही त्या पॅनेलच्या लेबलवर छापलेलं असतं. म्हणून श्नायडरनं १९९१ मध्ये स्क्वेअर डी विकत घेतली, आणि एबीबीनं २०१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा इंडस्ट्रियल सोल्यूशन्स हा विभाग. तंत्रज्ञान तर मिळालंच, पण भिंतींवर आधीच बसलेली पॅनेलंही पदरात पडली. विकत घेण्याचा हा सपाटा एकदा अडलाही: २००१ मध्ये श्नायडर आणि लेग्रां एक होत होत्या, तर युरोपियन कमिशननं मोडता घातला. पुढच्या वर्षी न्यायालयानं तो निर्णय रद्द केला, पण तोवर श्नायडर लेग्रां विकायच्या मार्गाला लागली होती.

(बाजार किती अब्जांचा, हेही विचारलंत. अहवालांतल्या आकड्यांवर फार विसंबू नका. कोणी त्यात केबल आणि ट्रान्सफॉर्मर धरतो, कोणी फक्त ब्रेकर. कोणी देखभालीचे करारही मोजतो.)

ऑटोमेशनची गोष्ट वेगळी वाटते, कारण तिथे बॅकनेट आहे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा. अश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेनं ते १९९५ मध्ये मानक केलं आणि २००३ मध्ये ते आयएसओचंही झालं. त्यामुळे एकाचा कंट्रोलर दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो, हे खरं. पण दिसतं काय? तापमान २४.५, व्हॉल्व्ह ६० टक्के. व्हॉल्व्ह ६० टक्क्यांवरच का, हे सांगणारा प्रोग्राम ज्या त्या कंपनीच्या टूलमध्ये असतो, आणि टूल लायसन्सवाल्याच्या लॅपटॉपवर. असा एक कंट्रोलर माझ्यापुढे आला होता: सगळे पॉइंट वाचता येत होते, पण एएचयूची (इमारतीत थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राची) वेळ बदलायला जुन्याच एजन्सीचा माणूस बोलवावा लागला. टेंडरमध्ये "बॅकनेट असावं" असं लिहिलेलं होतं, प्रोग्रामची फाइल आणि पासवर्ड ताब्यात द्यावेत असं मात्र कुठेच नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. ब्रेकरच्या वाटेला जाऊ नका. चाचण्यांचा खर्चच कंबर मोडेल. एक दार मात्र नुकतंच किलकिलं झालंय: युरोपियन युनियननं १ जानेवारी २०२६ पासून २४ केव्हीपर्यंतच्या (२४ हजार व्होल्टपर्यंतच्या) नव्या स्विचगिअरमध्ये एसएफ६ या विद्युतरोधक वायूवर बंदी घातली, मोजके अपवाद सोडून. पण तेही भांडवलवाल्यांसाठीच.

लहानांनी सेन्सर, गेटवे (दोन यंत्रणांची भाषा जुळवणारं उपकरण) आणि ऊर्जामीटरकडे बघावं. तिथे १९७९ सालचं मॉडबस (उपकरणांनी एकमेकांशी बोलायची साधी पद्धत) अजून सर्रास चालतं, रजिस्टरांची (कोणता आकडा कुठे वाचायचा याची) यादी उघड असते, आणि ग्राहकाला तुमचा मीटर आवडला नाही तर तो तासाभरात बदलता येतो. ऐकायला हे तोट्याचं वाटेल. पण बदलणं सोपं आहे म्हणूनच तो एक नग घेऊन बघायला तयार होतो. सीटीच्या (मीटरला जोडलेल्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) तारा आधी शॉर्ट करायच्या, म्हणजे एकमेकींना जोडायच्या, मगच मीटर सोडवायचा. हे तुम्हाला माहीत असणारच, तरी सांगून ठेवतो.