वाळूतले प्लास्टिक कसे वेगळे काढतात?

प्रश्न : किनाऱ्यावरील वाळूत मिसळलेले सूक्ष्म प्लास्टिक शास्त्रज्ञ कसे ओळखतात?

उत्तर : ५ मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. सुकवलेली वाळू मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळली, की वाळू तळाशी बसते आणि पॉलिथिलीनसारखे हलके कण वर तरंगतात. मात्र पाइपांचे पीव्हीसी आणि बाटल्यांचे पेट (पीईटी) ही प्लास्टिके या द्रावणाहून जड असल्याने त्यांच्यासाठी झिंक क्लोराइडचे अधिक घनतेचे द्रावण लागते. केवळ मीठ वापरून काढलेले आकडे म्हणूनच जपून वाचावेत. तरंगून आलेले सेंद्रिय पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइडने नष्ट करून उरलेले कण गाळून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुती धागाही प्लास्टिकचा भासू शकतो, त्यामुळे पॉलिमरची, म्हणजे कण कोणत्या प्लास्टिकचा आहे याची, ओळख कणाने प्रकाशाला दिलेल्या प्रतिसादाच्या नोंदीवरून, म्हणजे अवरक्त किंवा रामन वर्णपटावरून (होय, सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधावर आधारलेल्या!) पटवतात.