तो तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे हो!

प्रश्न : ताई, घरात दीड फुटाचा ब्राँझचा पुतळा आहे. फारच कळकट दिसायला लागला म्हणून लिंबू-मीठ लावून भांड्यासारखा घासला, तर नाक आणि एक गुडघा गुलाबी-लालसर झाले, बाकी अंग तपकिरीच. आता सगळाच घासून एकसारखा करू का?

उत्तर : नका, हात जोडते! तुम्ही काढलात तो मळ नव्हता, पॅटिना होता, म्हणजे पुतळा ओतल्यावर धातू तापवून, वर केमिकल लावून मुद्दाम आणलेला रंग. गंधकाच्या केमिकलने काळा-तपकिरी, फेरिक नायट्रेटने तांबूस, कॉपर नायट्रेटने हिरवा, आणि थर इतका पातळ की लिंबाने सहज निघतो. खालचं ब्राँझ म्हणजे साधारण ९० टक्के तांबंच (बाकी मुख्यतः कथील), म्हणून ते नाक गुलाबी दिसतंय. मीठ तर लिंबाहून वाईट, त्यातलं क्लोराईड बारीक छिद्रांत जाऊन बसतं आणि पुढे धातू खातं. आत्ता फक्त डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने दोन-तीनदा पुसा, लगेच कोरडं करा. रंग परत आणायचं काम जाणकाराचंच, घरी पॉलिश फासू नका.

पुढच्या वेळी आधी कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडायची. तरी मळ राहिलाच तर डिस्टिल्ड वॉटरमधे सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून कानात घालायची कापसाची काडी भिजवा आणि मागच्या बाजूला, टाचेपाशी कुठेतरी फिरवून बघा. काडी करडी झाली तर मळ, तपकिरी-हिरवी झाली तर रंग सुटतोय, तिथेच थांबा. नळाखाली धरू नका, पुतळा आतून पोकळ असतो, कधी ओतकामाची माती आणि लोखंडी सळई आतच राहिलेली असते, पाणी शिरलं की महिनोन्महिने ओल. शेवटी मायक्रोक्रिस्टलाईन वॅक्सचा (धातूवर संरक्षणासाठी लावायचं मेण) अगदी पातळ हात, सुकल्यावर सुती कापडाने चोळायचं, वर्षातून एकदा बास. आणि उचलताना हाताला किंवा मानेला धरू नका, बुडाला धरा!

प्रश्न : मूर्तीच्या घड्यांमधे फिकट हिरवे ठिपके आलेत, पुसले तरी परत येतात.

उत्तर : टूथपिकने हलकेच टोकरा. घट्ट बसलेला गडद हिरवा असेल तर बहुतेक पॅटिनाच, राहू द्या. पण पिठासारखी फिकट पूड पडली आणि खाली खड्डा दिसला तर तो ब्राँझ डिसीज. नाव रोगाचं असलं तरी जंतू-बिंतू काही नसतात, क्लोराईड, दमटपणा आणि हवा मिळून धातू पोखरत जातात. वरून वॅक्स लावून झाकू नका, आत चालूच राहतं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरपूर सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाकून मूर्ती त्यात ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे, आणि कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे कलावस्तूंचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : ब्राँझ खरं की खोटं, लोहचुंबकाने कळतं ना?

उत्तर : अर्धंच. चिकटला तर लोखंड, पण न चिकटल्याने काही सिद्ध होत नाही, कारण जस्ताला आणि रेझिनलाही (प्लॅस्टिकसारखा साच्यात ओतायचा पदार्थ) तो चिकटत नाही. बुडाशी जुना ओरखडा शोधा, आत रुपेरी करडं दिसलं तर जस्त असण्याची शक्यता जास्त. मूर्ती आकाराच्या मानाने हलकी आणि हाताला गार न लागणारी असेल तर रेझिनमधे ब्राँझची पूड. या दोन्हींना फक्त कोरडा ब्रश.