बीपी आणि किडनीचा त्रास असलेल्या, डायलिसिसवर असलेल्या आणि लघवी जेमतेम होणाऱ्या वडिलांना अशक्तपणासाठी सलाईन लावावं का?

डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. मी नाशिकमध्ये डायलिसिस विभागात नर्स आहे. ‘एक बाटली लावा, तरतरी येईल’ हे आमच्याकडे सतत ऐकू येतं. पण ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच सांगतात. वडिलांना लघवी जेमतेम होते म्हणता, मग ते पाणी जाणार कुठे? पायांवर सूज, नाहीतर थेट फुप्फुसात.

त्यापेक्षा रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि वहीत लिहा. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते साधारण लिटरभर पाणीच समजा. पाण्याची मर्यादा डॉक्टरांनी दिली असेल, ती सकाळीच एका बाटलीत मोजून भरा. चहा, ताक, वरणाचं पाणी घेतलं की तेवढं बाटलीतून ओतून टाका. आमच्या एका आजोबांना ही बाटलीच पटली, सांगून पटत नव्हतं.

बीपी पाच मिनिटं शांत बसवून मोजा, फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून शिरा जोडलेल्या) हातावर कधीच नाही. ‘लो सोडियम’ मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचं. द्राक्षांचा हंगाम आला की घरोघरी पेट्या येतात. किती चालतील ते आहारतज्ज्ञांना विचारूनच द्या.

आडवं झाल्यावर धाप लागली तर वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलला न्या.